डोळ्यातला दोरा

"बाबा, हलू नका ना!"

"मी कुठं हलतोय? ओढ तो दोरा पटकन."

लेकीच्या हातातला चिमटा हवेतच थांबला. "बाबा... तुम्ही नाही, दोराच हलतोय!"

रफूकाकांनी चार दिवस तो डोळा चोळचोळून लालभडक केला होता. दुसऱ्या कुणी केव्हाच दवाखाना गाठला असता. पण ज्याचा जन्म फाटक्या कपड्यांत धागे विणण्यात गेला, त्याच्या डोळ्यात दोऱ्याशिवाय दुसरं जाणार तरी काय? आता आरशात तो पांढरा दोरा बुबुळाला वळसा घालून आरामात निघालेला दिसला आणि काकांनीही तडक दवाखाना गाठला. डोळा गेला तर रफू गेलं. आणि रफू गेलं तर काका उरतात किती?

"जंत आहे," डोळ्यांची डॉक्टरीण म्हणाली. "डास चावताना शिरतो कधीकधी. वरच्या पापुद्र्याखाली फिरतोय, आत गेलेला नाही. आत्ताच काढू."

"आणि डोळा?"

"डोळा तुम्हाला, जंत मला."

लेक फिस्सकन हसली. काकांनी तिच्याकडे एकाच डोळ्यानं बघितलं, पण चांगलं दोन डोळ्यांइतकं वटारून.

औषधाच्या थेंबांनी डोळा बधिर झाला. वर झगझगीत दिवा, इवलीशी कात्री, बारीक चिमटा. डॉक्टरीण बेताबेतानं ओढतेय, हे काकांच्या डोळ्याला नाही, पण मांडीवरच्या बोटांना बरोबर कळत होतं.

"हिसका नका देऊ हं," त्यांना राहवेना. "तुटतो."

"बाबा, गप्प बसा हो!"

"बरोबर सांगतायत ते," मान वर न करता डॉक्टरीण म्हणाली.

मग बाटलीत बोटभर लांब काहीतरी वळवळलं. "निघाला. अख्खा!"

काकांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला, की ट्रेमधला कापूस उडाला.

दोन आठवड्यांनी तपासणीला गेले, तेव्हा त्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचून दाखवली. मग आरसा मागितला. उजेडाकडे तोंड केलं, पापणी ओढली, वर बघितलं, खाली बघितलं.

"कापलं कुठं होतं?"

"हे काय, इथं."

काकांनी आरसा आणखी जवळ धरला. त्यांनी रफू केलेला कोट खिडकीशी नेऊन, उलटसुलट करून गिऱ्हाईकं जे म्हणत, ते आज पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आलं.

"कळतसुद्धा नाही."

आणि त्यांनी आरसा दोन्ही हातांनी डॉक्टरिणीला परत दिला.