भिंतीकडे तोंड करून

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे आणि सुरुवातीलाच सांगून ठेवतो, मी काही फार भला नाही. तुमच्या पुस्तकांतल्या वस्तू मुकाट्याने सगळं सोसतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. मला ते जमलं नाही. एका माणसावरचा राग मी कितीतरी दिवस जपून ठेवला होता. त्याचं उट्टं कसं निघालं, ते आज सांगतो.

माझी काच कारखान्यात तयार झाली आणि जाड लाकडी चौकट एका सुताराने केली. पहिली काही वर्षं मी केस कापण्याच्या दुकानात काढली. तिथे लोक माझ्याकडे बघून फक्त स्वतःवर खूश व्हायचे, त्यामुळे माझ्या डोक्याला काहीच काम नव्हतं. दुकान बंद झालं तेव्हा एक बाई मला रिक्षात घालून घेऊन गेल्या. ज्या मुलांना एखादा उच्चार जमत नाही, त्यांना तो शिकवण्याचं बाईंचं काम होतं. त्यांच्या केंद्रातल्या खिडकीजवळच्या बुटक्या टेबलावर त्यांनी मला उभं केलं आणि थोडं मागे कलवलं. त्यामुळे उजेड थेट मुलांच्या तोंडात पडायचा.

बाईंची पद्धत वेगळी होती. त्या मुलाच्या समोर कधी बसत नसत, शेजारी बसत. दोघांनी मिळून माझ्यात बघायचं. मुलाला स्वतःची जीभ आणि बाईंची जीभ एकाच वेळी दिसायची. "हे बघ," बाई म्हणायच्या, "ल म्हणताना जीभ वर चिकटून बसते. र म्हणताना टिचकी मारते आणि लगेच परत येते." वरच्या दातांच्या मागे, जिथे टिचकी पडायला हवी तिथे, त्या बोटाने मधाचा ठिपका लावायच्या. जीभ मध शोधत बरोबर जागेवर पोहोचायची. मग "डडडड" असं भरभर म्हणायचं, आठवडेच्या आठवडे. एखाद्या दिवशी त्यातून अचानक एक र निसटायचा आणि मूल डोळे विस्फारून माझ्याकडे बघत राहायचं. तसे किती चेहरे मी पाहिले असतील! मित्रांनो, त्या वेळी मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

बाईंचा एक नियम मात्र कडक होता. नवा उच्चार पक्का होईपर्यंत कुणासमोर म्हणून दाखवायचा नाही. आजीसमोर नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच. कच्च्या उच्चाराला कुणी हसलं की मूल तोंड मिटतं आणि मग ते उघडायला वर्ष लागतं, असं त्या प्रत्येक आईबापाला बजावून सांगत.

मग केंद्राला नवे साहेब आले. त्यांनी येताना एक यंत्र आणलं. त्याच्या पडद्यावर एक ससा झोपलेला असायचा. मुलाने शब्द म्हटला की ससा उडी मारायचा, तुतारी वाजायची, तारे पडायचे. "बाई, हा आरसा आता अडगळीत टाका," साहेब म्हणाले. "कोणत्या जमान्यात आहात तुम्ही?" बाईंनी मला टाकलं नाही, पण टेबल सशाला द्यावं लागलं. मला कपाटामागे ढकललं गेलं, तेही भिंतीकडे तोंड करून. आरशाचं तोंड भिंतीकडे करणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळणार नाही. मी रोज पोपडे आलेला रंग बघत दातओठ खात होतो. दात नाहीत मला, पण खात होतो.

कान मात्र उघडे होते. त्याच सुमारास एक सहा वर्षांची मुलगी आजोबांचं बोट धरून यायला लागली. आजोबा तिला ठिणगी म्हणत. ठिणगीच्या तोंडात र नव्हताच, सगळा ल. ती सशाला ओरडून "लाणी!" म्हणायची आणि ससा टुणकन उडी मारायचा. मला कपाटामागे घाम फुटायचा. अरे, चुकलं ते! त्या सशाला र आणि ल यातलं काही कळतच नव्हतं. जो मोठ्याने ओरडेल त्याच्यासाठी तो उडत होता. बाईंनी हे साहेबांना दोनदा सांगितलं. साहेब म्हणाले, "तुम्हाला नवं काही बघवत नाही."

आणि एका सकाळी बाई रजेवर असताना साहेबांनी ठिणगीला पालकांच्या मेळाव्यात उभं केलं. सशाने तिला पास केलंच होतं ना! भिंतीपलीकडे दालन होतं. मला सगळं ऐकू आलं. "लाणीने हिलवा लुमाल धुतला," ठिणगी खणखणीत आवाजात म्हणाली. पोरं हसली, पोरांच्या आया हसल्या. सगळ्यांत आधी हसलेला आवाज साहेबांचा होता. तो मी विसरलो नाही.

ठिणगी दोन महिने कुणाशी बोलली नाही. आजोबा तिला पुन्हा घेऊन आले तेव्हा बाईंनी कपाट ओढलं, मला बाहेर काढलं आणि ओल्या फडक्याने पुसलं. ठिणगीने माझ्यात पाहिलं. तिचा चेहरा बघून मला वाटलं, अरे, ही तर माझ्याच जातीची!

"र शिकायचाय?" बाईंनी विचारलं.

ठिणगीने मान डोलावली.

"कशाला?"

"सलांची जिलवायचीय," ती म्हणाली. दोन महिन्यांतलं तिचं ते पहिलं वाक्य. सर म्हणजे आपले साहेब.

आजोबा ओशाळले. आता बाई तिला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतील, असं मला वाटलं. बाईंनी मधाची बाटली उघडली. "बरं," त्या म्हणाल्या, "मग जीभ वर."

तिच्याइतकं रागाने कुणी शिकलेलं मी पाहिलं नाही. मध संपला, जीभ दुखायला लागली, तरी ती हटेना. मीही माझ्या परीने कसूर केली नाही. जीभ केसभर चुकली तरी तिला स्पष्ट दाखवलं. सातव्या आठवड्यात र निसटला, पंधराव्यात पक्का झाला. मग एक दिवस तिने मुद्दाम सशासमोर जाऊन अगदी हळू, अगदी बरोबर "राणी" म्हटलं. ससा घोरत पडलेला. ठिणगी वळून माझ्यात बघून हसली. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हाच कळला.

साहेबांच्या कानावर तिचा र गेला, तशी त्यांची छाती फुगली. "बघा, यंत्राची करामत!" म्हणत ते पाहुण्यांना बोलवायच्या तयारीला लागले. दुसऱ्या केंद्रांची माणसं यंत्र बघायला येणार होती. बाई म्हणाल्या, पोर पुन्हा उभी राहणार नाही. ठिणगी म्हणाली, "राहणार."

या वेळी कार्यक्रम वरच्या मजल्यावर होता. ज्याची मी इतकी वाट पाहिली, ते मला ना दिसलं ना ऐकू आलं. नशीब म्हणतात ते हे. तासाभराने ठिणगी धावत खोलीत आली, मागून आजोबा धापा टाकत.

"बाई, मी आधी हळूच म्हटलं, राणीने हिरवा रुमाल धुतला. एकदम बरोब्बर! ससा झोपलेलाच. सर म्हणाले, जरा जोरात. मग मी जोरात ओरडले, लाणीने हिलवा लुमाल! ससा टुणकन उडाला, तुतारी वाजली, तारेच तारे! सर म्हणाले, पुन्हा कर. मी पुन्हा तसंच केलं. चार वेळा! सगळे हसत होते, पण या वेळी सरांना. सर कानापर्यंत लाल झाले. मग घरीच निघून गेले!"

बाईंनी तोंडावर पदर धरला होता, आजोबा भिंतीला टेकून हसत होते. मी मात्र तिची जीभ बघायला धडपडत होतो. दिसली नाही. ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. इतके र आले आणि गेले, पण एकदाही तिने वळून बघितलं नाही. क्षणभर वाईट वाटलं. मग लक्षात आलं, तिला आता आरसा लागतच नाही, आणि इतका आनंद झाला, की सूडसुद्धा त्यापुढे फिका पडला. अगदी थोडाच हं.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः यंत्र उचलून न्यायला आले. यंत्र उचलण्याआधी माझ्यात बघून ते कॉलर सारखी करायला लागले. त्यांना जे दिसलं ते त्यांना आवडलं नसावं, कारण हात मधेच थांबला.

तर मित्रांनो, विनंती म्हणा, धमकी म्हणा, एवढंच सांगायचं आहे. कुणाचं बोलणं अडखळलं आणि तुम्हाला हसू आलं, तर आधी आरशासमोर जा आणि तसंच हसून बघा. आरसा कुठलाही चालेल. आम्हा आरशांचं आपसात ठरलेलं आहे, त्या वेळी आम्ही काहीही लपवत नाही.