संध्याकाळची वाटी

त्या उन्हाळ्यात मी माझ्या नवऱ्याच्या, गोम्बोच्या, घशावर डोळा ठेवून होते. घरात, पाहुण्यांत, कळपामागे, कुठेही. घोट उतरताना घशाची घाटी हलते. ती हलली की माझा जीव खालीवर व्हायचा.

वसंतात तालुक्याच्या दवाखान्यात सारूल डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. गोम्बोच्या रक्तात हिपॅटायटिस बी आहे, बहुतेक आईकडूनच जन्मताना आलेला, आणि त्याचं यकृत आता घट्ट व्हायला लागलंय. रोज एक गोळी, एकही दिवस न चुकवता. चरबी कमी, मीठ कमी, पायी चालणं भरपूर. आणि दारूचा थेंब नाही. "ऑगस्टमध्ये या," त्या म्हणाल्या. "तेव्हाही रक्तातले आकडे चढलेले असले तर यांना उलानबातरला पाठवावं लागेल. तिथून पुढे माझ्या हातात फार काही नसेल."

मी जात्याच हट्टी. गोळ्यांची डबी अंगरख्यात छातीशी ठेवली. मेंढीच्या शेपटीची चरबी कुत्र्याला घातली. चहात मीठ निम्मं केलं, तर हा म्हणे, भांडी विसळलेलं पाणी पितोय असं वाटतं. मोटरसायकलची चावी पिठाच्या डब्यात पुरली आणि याकांमागे त्याला पायी पिटाळलं.

भीती होती ती दाम्दिनदादाची. थोरला दीर, नदीपलीकडे त्याचं गेर, नमद्याचा गोल तंबू, आणि दारात पाहुणा दिसला की बाटली पुढे. जुलैत त्याच्या नातवाचं जावळ होतं. मूल मांडीमांडीवर फिरलं, कात्री फिरली, आणि वाटी फिरायला लागली. थोरल्या भावानं दोन्ही हातांनी दिलेली वाटी परत करता येत नाही. गोम्बोनं ती घेतली, अनामिका बुडवून तीनदा थेंब उडवले, वाटी ओठांना लावली आणि भरलेलीच परत दिली. रीतीत बसतं तेवढं. घाटी हलली नाही.

"काय रे, बायकोनं घशाला कुलूप घातलंय वाटतं?" दादा म्हणाला.

"किल्ली तिच्याकडेच असते, दादा."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. वाटी सात वेळा आली आणि सातही वेळा मी पापणी न लववता बसले.

ऑगस्टमध्ये आकडे चढलेले होते.

डॉक्टरबाईंनी कागद आमच्याकडे फिरवला आणि माझं डोकंच फिरलं. "हे त्याच्या भावाचं काम," मी म्हणाले. "माझी पाठ वळली की पाजत असणार. सख्ख्या भावाला मारायला निघालाय तो."

गोम्बो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. त्याचं ते खाली बघणं मला कबुलीसारखं वाटलं.

"नोरोवताई, दादांना राहू द्या जरा," बाई म्हणाल्या. "गोळी चुकली नाही ना? बरं. आता सकाळपासून काय काय पोटात जातं ते सांगा."

मी ताठ बसून सांगायला लागले. त्यात माझी सगळी मेहनत होती. सकाळी चहा नि वाळवलेलं दही. दुपारी उकडलेलं मांस, चरबी काढून. संध्याकाळी भाताची पेज. "आणि पेजेआधी एक वाटी शिमीन. कोमट करून, वर लोणी घालून. ताकद यायला नको का?"

बाईंचं पेन थांबलं. "घरची?"

"म्हणजे काय, माझ्या हातची. याकाच्या दुधाचं दही आंबवायचं, उकळायचं, वाफ धरायची. माझ्या वडिलांना आई तेच द्यायची."

"किती दिवस देताय?"

"जूनपासून. दमून आला तर दोन वाट्या."

"ताई, ती दारूच आहे."

"दारू कसली? दुधाची आहे ती."

हे मी म्हणाले आणि माझंच वाक्य माझ्या कानावर आलं. वाफ धरून काढलेली. प्यायल्यावर गाल लाल करणारी. वडील तिच्यापायीच संध्याकाळी घोड्यावरून पडायचे, आणि आम्ही मुलं हसायचो. ज्या घशावर मी पहारा केला, त्यात रोज मीच ओतत होते.

बाईंनी आवाज चढवला नाही. "आजपासून बंद करा. नोव्हेंबरमध्ये पुन्हा रक्त बघू, तोवर राजधानीचं थांबवते. आणि दादांनाही तपासायला पाठवा. आई एकच ना?"

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी डबीतल्या गोळ्या दोनदा मोजल्या. मग राहवेना.

"म्हाताऱ्या, तुला ठाऊक होतं."

"अर्धंमुर्धं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू लोणी घालून आणायचीस," तो म्हणाला. "आणि मला आवडायची. सगळंच बंद केलं होतंस. ते एक तरी चालतंय, असं मीच मला सांगत होतो." मग म्हणाला, "दादाची माफी मात्र मागायला हवी तुला."

"मागेन. तपासायलाही नेईन. कानाला धरून."

गेरमध्ये शिमीनचा निळा कॅन अर्धा भरलेला होता. उन्हाळाभराची माझी मेहनत. दादाला द्यावी, तर त्याचंही रक्त त्याच आईचं. जमिनीवर ओतावी, तर दुधाचं काहीही मातीत सांडायचं नाही, हे मी चालायच्या आधी शिकलेले. शेवटी सकाळी आभाळाला दूध उडवायचा नऊ खळग्यांचा लाकडी पळा उचलला आणि कॅन बाहेर ओढला. पूर्वेला उडवलं, दक्षिणेला उडवलं, मग आभाळाकडे. पळा इवलासा, कॅन मोठा. खांदा भरून आला तरी मी थांबले नाही. वाऱ्यानं अर्धं माझ्याच तोंडावर आणलं. शेळ्या लांब जाऊन उभ्या राहिल्या.

"आभाळाचं यकृत बरं आहे ना गं?" गोम्बो दारातून म्हणाला.

मी हसले आणि लगेच रडायलाच लागले. त्यानं माझ्या हातातला पळा घेतला. कॅनच्या तळाशी दोनेक वाट्या उरल्या होत्या.

"राहिलेलं मी करतो," तो म्हणाला. "तू जा, याक ओरडताहेत."

मी त्याच्याकडे पाहिलं, कॅनकडे पाहिलं. वास चांगलाच सुटला होता. दूध काढायची बादली उचलली आणि मागे वळायचं नाही असं ठरवून चालू लागले. पहिली धार काढून होईपर्यंत धीर धरला. मग वळले.

तो गेरमागच्या ओढ्यावर बसला होता, वाऱ्यानं त्याचाही अंगरखा भिजवला होता. कॅन आडवा करून आतून राखेनं घासत होता.