खोली भरलेली आहे

माझ्या सासूबाई, गोजाबाई, यांच्याकडे हजेरीचा एकच नियम आहे. लग्न असो, बारसं असो नाहीतर दहावा असो, माणसानं समोर येऊन तोंड दाखवायचं. मग त्या म्हणणार, "आलास व्हय." एवढं म्हणाल्या की हजेरी लागली. फोन केला, आहेर पाठवला, कुणाच्या हाती निरोप धाडला, तर त्याला काही किंमत नाही. आमच्या इमारतीच्या वास्तुशांतीला माझे चुलत सासरे मारुतराव तात्या तापानं फणफणले होते म्हणून आले नाहीत. तेव्हापासून ते घरी आले की आई त्यांना चहा देतात, पण साखर किती ते विचारत नाहीत. आमचं सगळं मारुंजी गाव आईंना वचकून असतं, आणि यात्रेच्या दिवशी आमच्या घरात जे रामायण झालं ते या धाकापायीच झालं.

आधी चिमण्याचं सांगायला हवं. चिमण्या आमचा बैल. तो वासरू असतानाच त्याची आई गेली. आईंनी त्याला बाटलीनं दूध पाजलं, थंडीत स्वतःची गोधडी घातली. वरच्या मजल्यांवर भाड्यानं राहणारी आयटीची पोरं कंपनीची कॅब गाठायला धावत उतरायची, तेव्हा हे वासरू जिन्याच्या तोंडाशी पसरलेलं असायचं. आई पोरांना सांगायच्या, जरा बाजूनं जावा, झोपलंय ते. मारुतराव तात्या म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीतले जाणकार. त्यांनी चिमण्याला बघून निकाल देऊन टाकला होता की हा बैल गाड्याला चालायचा नाही, विकून मोकळे व्हा. आईंनी ऐकून घेतलं आणि बैल विकला नाही.

यंदा माझा नवरा अजिंक्य म्हणाला की चिमण्या तयार झाला, चाकणच्या पलीकडे यात्रा आहे, तिथल्या घाटात त्याची पहिली बारी करू. बारी म्हणजे घाटाच्या चढावरून गाड्याची एक धाव, डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपणारी. आईंनी लगेच जाहीर केलं की मी येणार. त्यांच्या वेळी बायका घाटाकडे फिरकत नसत. नवरा जायचा, दीर जायचे, पुढे मुलगा जायला लागला. आई भाकऱ्या बांधून द्यायच्या आणि संध्याकाळी गुलालाचे कपडे भिजत घालायच्या. आयुष्यात पहिल्यांदा घाट बघायचा म्हणून त्यांनी नवी साडी घेतली. आणि यात्रा तोंडावर आलेली असताना बाथरूममध्ये पाय घसरून खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. एरवी आमचं दिवसातून दोनदा वाजतं, पण त्या भिंतीकडे तोंड करून पडायला लागल्या तेव्हा मला आत कुठेतरी फार वाईट वाटलं. मी त्यांना शब्द दिला की तुमच्या चिमण्याची बारी तुम्हाला दिसणार, मग काहीही होवो.

यात्रेवाल्यांचा स्वतःचा चॅनेल होता, पण त्यांचा कॅमेरा इतका लांब की बैल कुठला आणि धुरळा कुठला ते कळत नाही. म्हणून अजिंक्यनं ठरवलं की गावकीच्या ग्रुपवर आपलंच लाइव्ह करायचं. आमचा ग्रुप ज्या ॲपवर आहे तिथे एक खोली उघडता येते, एकानं दाखवायचं आणि बाकीच्यांनी आत येऊन बघायचं. निवेदनाच्या माडीवरून घाट स्वच्छ दिसतो. तिथल्या बांबूला त्यानं आपला फोन बांधला, लाइव्ह सुरू केलं आणि तो बैलांकडे निघून गेला. माडीवर माइक घेऊन आमच्याच गावातला पिंटू होता. पंचक्रोशीतली लग्नं आणि शर्यती पिंटूच्या आवाजाशिवाय होत नाहीत.

मी हिंजवडीत सपोर्टला आहे. लोकांची ॲपं अडली की ती माझ्या गळ्यात पडतात. त्यामुळे त्या दिवशी घरून काम घेतलं होतं आणि मनात कसलीही धाकधूक नव्हती. आईंनी पलंगावरच नवी साडी मागितली. नेसता येणार नव्हती, म्हणून मी ती शालीसारखी त्यांच्या खांद्यांवरून पांघरवली. पाठीशी उशा लावल्या, फोन समोर धरला आणि खोलीत शिरायचं बटण दाबलं. फोनवर अक्षरं आली: खोली भरलेली आहे, नंतर प्रयत्न करा.

मी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. ॲप बंद करून उघडलं, वायफाय सोडून मोबाइलच्या नेटवर गेले, आईंच्या फोनवरून बघितलं, ॲप अपडेट केलं. दिवसभर मी गिऱ्हाइकांना जे जे करायला सांगते ते सगळं केलं आणि ते लोक माझ्यावर का खेकसतात ते मला तेव्हा नीट समजलं. आई नुसत्या फोनकडे बघत होत्या, आणि ते मला जास्त लागत होतं.

मग मी ॲपचे नियम उघडून वाचले. खोलीत एकटा यजमान दाखवत असेल तर तीनशे जण आत मावतात. पण बघणाऱ्यांपैकी एकानं जरी आपला कॅमेरा लावला, तर ॲप त्याला मीटिंग समजतं आणि पंचवीस जण झाले की दार लावून घेतं. आत कोण आहे ती नावं बाहेरूनही दिसत होती. मी बघितलं तर झाडून सगळ्यांच्या नावापुढे कॅमेऱ्याचं चिन्ह पेटलेलं, आणि सगळ्यात वरचं नाव मारुतराव तात्यांचं.

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. गोजाबाईंच्या बैलाची पहिली बारी, आणि बाई अंथरुणाला खिळलेल्या. आपण आलो होतो हे त्यांना दिसायला नको? म्हणून झाडून सगळे आपापल्या घरी फोनसमोर तोंड दाखवत बसले होते. आईंसाठी खोली इतकी भरली होती की आईंनाच आत जागा नव्हती.

मी त्यांना हे समजावून सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, कोण कोण आलंय. मी नावं वाचली. प्रत्येक नावाला त्यांची मान समाधानानं हलत होती, तात्यांच्या नावाला जरा जास्तच हलली. मग त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी विचारलं, "मंग आता मला बैल दिसायचा न्हाई का?"

मी ग्रुपवर लिहिलं की कृपया सर्वांनी आपापले कॅमेरे बंद करावेत, आईंना आत येता येत नाही. अंगठे भराभर आले, हात जोडलेले आले, कॅमेरा एकाचाही बंद झाला नाही. प्रत्येकाला वाटलं की हे बाकीच्यांना सांगितलंय. एखाद्याला खोलीतून काढायचा अधिकार फक्त अजिंक्यच्या फोनला होता आणि तो फोन बांबूला बांधलेला. शिवाय आलेल्या माणसाला काढायचं म्हणजे पंगतीतून उठवण्यासारखं, ते आईंनीच मला करू दिलं नसतं.

माझी नणंद जयमाला ताथवड्याहून आत शिरली होती. तिला फोन करून म्हटलं, तू बाहेर पड, तुझ्या जागी आई जातील. ती बिचारी लगेच पडली. पण मी बटण दाबेपर्यंत दुसऱ्याच कुणीतरी ती जागा पटकावली. आता लेकही बाहेर आणि आईही बाहेर. तेवढ्यात लॅपटॉपवर लावून ठेवलेल्या यात्रेवाल्यांच्या चॅनेलवर पिंटूचा आवाज आला, मारुंजीकरांनी आपले बैल खाली जुंपायला घ्यावेत.

मी रागारागानं जयमालाला म्हणाले की ही माणसं कॅमेरा बंद करायला इतकी का घाबरतात. ती म्हणाली, अगं वहिनी, कॅमेरा बंद केला तर आईला कळणार कसं ते आले होते म्हणून. आणि तिथेच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी इतका वेळ ॲप दुरुस्त करत बसले होते. या लोकांना हजेरी हवी होती. ती लावायची दुसरी पद्धत आमच्याकडे आधीपासून आहे, आणि तिच्यावर तर माणसं तोंड दाखवण्याहून जास्त खूश असतात. लग्नात मांडवात पाऊल ठेवलं की माइकवरून आपलं नाव पुकारतात, ती.

पिंटूला फोन लावला. त्यानं दोन बाऱ्यांच्या मधे उचलला. मी त्याला म्हटलं, बांबूच्या फोनवर जी नावं दिसतायत ती एकेक करून माइकवर घ्या, हजेरी लागली म्हणून सांगा आणि कॅमेरा बंद करायला लावा. पिंटूला नावं घ्यायला सांगणं म्हणजे त्याच्या आवडीचंच काम. त्यानं फोन तसाच चालू ठेवला आणि सुरुवात केली. गावातल्या किराणा दुकानदाराला त्यानं प्रसिद्ध उद्योजक केलं, निवृत्त तलाठ्याला गावचं भूषण केलं, अंबूबाईंना महिलांचं प्रेरणास्थान केलं. "आपली हजेरी या घाटावर लागलेली आहे, आता कॅमेरा बंद करून बारीचा आनंद घ्यावा." एकेक चिन्ह विझायला लागलं. नाव पुकारलं की विझायचं, पुकारलं की विझायचं. मी आईंना दाखवत होते आणि आम्ही दोघी सणाच्या दिवशी हसावं तशा हसत होतो.

शेवटी एकच चिन्ह उरलं. मारुतराव तात्या. पिंटूनं त्यांना ज्येष्ठ मार्गदर्शक म्हटलं, घाटाचा आधारस्तंभ म्हटलं, पण चिन्ह काही विझेना. आणि एक जरी कॅमेरा चालू असला तरी दार बंद ते बंदच. मी आईंच्या फोनवरून तात्यांना फोन लावला, ते उचलेनात. पिंटू माझ्या कानात कुजबुजला, "वहिनी, तात्या फेटा बांधून बसल्यात. म्हणत्यात, गोजावहिनीनं डोळ्यानं बघितल्याबिगर बंद करणार न्हाई."

मी चप्पल पायात घातली. तात्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे, पळत गेले असते. पण तिकडे बैल जुंपून झाले होते. आई म्हणाल्या, थांब. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, कानाला न लावता तोंडासमोर धरला आणि शांतपणे बोलल्या.

"पिंट्या, माइकात सांग भावजीला. लगीन होऊन आल्यापास्नं तुमचं त्वांड बगतीया म्या, पाठ झालंय. आता बैल बगू द्या. आन वास्तुशांतीची हजेरी बी लागली म्हणावं."

पिंटूनं त्यातला एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. हजारो माणसांचा घाट खदखदून हसला, ते हसू चॅनेलवरून आमच्या खोलीत आलं. मी नावाकडे बघत होते. चिन्ह विझलं. मी बटण दाबलं आणि आम्ही आत होतो.

घाट अगदी समोर दिसत होता. दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, मधे तांबड्या मातीचा चढ. तळाशी आमचा गाडा. पुढे दोन बैल, मागे गाड्याला दोन, त्यातला डावीकडचा पांढरा चिमण्या. त्यांच्याही पुढे घोडी. आईंनी माझं मनगट धरलं. निशाण पडलं, पिंटू ओरडला, भिर्रर्र, आणि गाडा सुटला.

मला खरंच नीट सांगता येणार नाही काय झालं ते. घोडी आली, धुरळा आला, आणि त्या धुरळ्यातून चिमण्या मान खाली घालून, पोटाशी पाय घेऊन असा आला की पुढचे बैल त्याच्या वाटेतून पळतायत असं वाटावं. आईंची पापणी हलली नाही. त्यांच्या बोटांचे वळ नंतर दोन दिवस माझ्या मनगटावर होते. गाडा रेषेपलीकडे गेला, घड्याळाची वेळ पुकारली गेली आणि पिंटूचा आवाज फाटला. सकाळपासून इतक्या कमी वेळात एकही गाडा वर आला नव्हता, आणि संध्याकाळपर्यंत ती वेळ कुणी मोडलीही नाही. घाटाचा राजा आमचा गाडा ठरला. मी, जी बैलांच्या शर्यतीला नाकं मुरडायची, ती पलंगाभोवती नाचले. आई ढसाढसा रडल्या आणि ते त्यांनी लपवलं नाही. ग्रुपवर तात्यांनी लिहिलं की हा बैल चालणार हे मी पहिल्यापासून सांगत होतो.

पिंटू माइकवर आला. गाड्याची नोंद माझ्या दिवंगत सासऱ्यांच्या नावानं होती, आजवर तेच नाव पुकारलं जायचं. पिंटूनं त्या दिवशी ते घेतलं आणि तो तिथे थांबला नाही. "आणि ज्यांनी हा बैल बाटलीनं दूध पाजून वाढवला, त्या मालकीणबाई गोजाबाई आज घाटावर हजर आहेत." आईंनी पांघरलेली साडी डोक्यावरून सारखी केली, जशी काही सगळी माणसं वळून त्यांच्याकडेच बघत होती.

मग चित्र एकदम हलायला लागलं. आभाळ दिसलं, शिडी दिसली, कुणाचे तरी पाय दिसले. पिंटूनं फोन बांबूवरून सोडून अजिंक्यच्या हातात दिला होता. अजिंक्य गर्दीतून वाट काढत चालला होता, गुलालात बुडालेला, आणि ओरडत होता की आई, थांब, बंद करू नको. चित्र स्थिर झालं तेव्हा फोनभर एक ओलं काळं नाक होतं. ते नाक फोनचा वास घेत होतं. अजिंक्यनं फोन जरा मागे घेतला, तसे चिमण्याचे दोन डोळे दिसले, कपाळावर गुलाल, तोंडाला फेस.

आईंनी बोट पुढे केलं आणि काचेवरून त्याच्या कपाळावर ठेवलं.

"आलास व्हय," त्या म्हणाल्या.