अकरा वर्षांनी सापडलेलं चाक

ते चाक दिसलं तेव्हा मी ट्रक रस्त्याच्या मधोमध उभा केला. खोटं कशाला सांगू, इंजिन बंद करायचंही भान राहिलं नाही. शीतपेयांच्या यंत्रांत बाटल्या भरत फिरणं हे माझं काम. किर्यूहून निघून आकागी डोंगराच्या उतारावरच्या कोंजाकू कंदाच्या शेतांपर्यंत माझी फेरी असते, आणि योकोओ आजींच्या गोदामावरून मी चार वर्षं आठवड्यातून दोनदा जात होतो. त्या दिवशी आजींनी पाणी मारायला नळी उतरवली होती, म्हणून नळीमागचं चाक उघडं पडलं. त्याच्या बोल्टच्या भोकांत लांब खिळे मारून कुणीतरी ते भिंतीवर ठोकलं होतं. वर तपकिरी, मग हिरवा, मग पुन्हा तपकिरी रंग फासलेला. पण आरे मोजता येत होते. आठ होते. मधल्या टोपीभोवतीची बारीक खाचही होती. मी क्षणभर स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

माझी गाडी एकोणऐंशी सालची, दोन दारांची. त्या वेळची ही आठ आऱ्यांची चाकं माझ्याकडे तीन. चौथ्याला अकरा वर्षांपूर्वी तडा गेला. ती ओतणारा कारखाना कधीच बंद पडलाय. तेव्हापासून तीन चाकं चकचकीत आणि चौथ्या जागी काळी लोखंडी स्टेपनी, असा माझा संसार. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आमची मंडळी धरणाजवळच्या वाहनतळावर जमतात. स्वतःच्या हातानं गाडी घडवणारेच तिथे येतात; गॅरेजात देऊन सजवलेल्या गाडीकडे कुणी ढुंकून बघत नाही. पुढच्या रांगेत चारही चाकं एकसारखी असलेल्या गाड्या लागतात. असा नियम कुणी लिहिलेला नाही, पण मोडतही कुणी नाही. मी अकरा वर्षं मागे, शौचालयाशेजारी.

पुढच्या रांगेत मधोमध कोगुरे असतो. तो कौलं बसवायची कामं करतो, माझा तीस वर्षांचा मित्र आहे, आणि त्याच्या जिभेला हाड नाही. दर महिन्याला तो माझ्या गाडीभोवती एक फेरी मारतो आणि चौथा पाय उगवला का म्हणून विचारतो.

पण चौथ्या चाकाची खरी वाट बघत होती माझी बायको, सोनोए. आमच्या घरात सहा चटया मावतील एवढी एक खोली आहे, चांगली दक्षिणेकडची, उन्हाची. त्या खोलीत माझे बंपर, सीटा, कार्ब्युरेटर आणि एक अख्खा डॅशबोर्ड राहतात. सोनोएच्या मावशीचा हातमाग मिळून सहा वर्षं झाली, तो अजून तिच्या बहिणीच्या पडवीत सुटा करून ठेवलेला. खोलीचा विषय निघाला की मी एकच वचन द्यायचो: ज्या दिवशी चौथं चाक गाडीला लागेल, त्या दिवशी खोली रिकामी. चाक मिळणार नाही याची खात्री होती, म्हणून वचन द्यायला सोपं होतं.

आजी चाक विकायला तयार नव्हत्या. मग नळी कशावर गुंडाळू, असं त्यांनी विचारलं. घरी येऊन सोनोएला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तडा गेलेलं आहे ना आपल्याकडे? नळीला तड्याचं काय?"

अकरा वर्षांत हे मला सुचलं नसतं. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचं ते रंगवलेलं चाक सोडवून त्या जागी तडा गेलेलं बसवून दिलं. आजींनी नळी गुंडाळून पाहिली, हे आधीच्यापेक्षा चकचकीत आहे म्हणाल्या, आणि वर मला कोंजाकूच्या कंदापासून केलेल्या जेलीच्या दोन लाद्या बांधून दिल्या.

मग तीन आठवडे आमच्या अंगणात दुसरं काही झालं नाही. रंग उतरवायची जेली फासली तसे तपकिरी-हिरवे पापुद्रे फुगून सुटले, खाली ॲल्युमिनियमवर बुरशीसारखा पांढरा गंज. तिथून पुढे पॉलिश पेपर. आधी खरखरीत दोनशे चाळीस, मग चारशे, आठशे, पंधराशे, पाण्यात बुडवून, एका दिशेनं. मधला एक नंबर गाळला की शेवटी ओरखडा दिसतोच, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

सोनोए आधी घाईनं मदतीला आली होती, खोली लवकर सुटावी म्हणून. पहिल्या दिवशी तिनं हातमोजे घालून नाक मुरडत एक आरा घासला. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर ती अंगणात पाटावर बसलेली, हातमोजे बाजूला, बोटं काळी. पेपरला बोट लावून कळतं कुठे खडबड राहिली आहे, मोज्यातून कळत नाही, असं तिनं मला ऐकवलं. हे मीच तिला वीस वर्षं सांगत होतो, आणि ती टीव्ही बघत होती. पुढच्या आठवड्यात ती चाकाची मागची बाजू घासायला लागली. मी म्हटलं, मागची बाजू कुणाला दिसत नाही. ती घासतच राहिली. पेस्ट लावून जुन्या फ्लॅनेलनं शेवटचा हात फिरवला, काळं पुसलं आणि चाकात आम्हा दोघांची तोंडं दिसली, तेव्हा ती हसली आणि मला भरून आलं. लाज कसली त्यात.

महिन्याचा पहिला रविवार उजाडला. टायर आदल्या दिवशी चढवून घेतला होता. मी कोगुरेला मुद्दाम सकाळी आठला घरी बोलावलं, त्याच्या डोळ्यांदेखत चाक बसवायचं आणि मग त्याच्या शेजारी जाऊन गाडी लावायची म्हणून. वारा बोचरा होता. सोनोएनं चहा आणला. मी गाडी जॅकवर चढवली, स्टेपनी काढली आणि नवं चाक उचलून लावलं.

दोन बोल्ट आत गेले. उरलेले दोन भोकांच्या कडेला अडले.

चाक काढलं, फिरवलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. कोगुरेनं चहाचा पेला खाली ठेवला, खिशातून व्हर्नियर काढला आणि समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर घेतलं. मग गाडीच्या बोल्टांचं. मला आकडा ऐकायचा नव्हता.

"एकशे दहा," तो म्हणाला. "तुझे एकशे चौदा. दुसऱ्या कंपनीच्या गाडीचं आहे हे. चेहरा तोच, भोकं वेगळी."

आमच्यात नवखा कुणी आला की त्याला पहिली गोष्ट शिकवतात: जुनं चाक घेताना आधी मोज, मग खूश हो. ती शिकवणी देणारा मीच. पोरांना ताडताड बोलतो मी त्यावरून. आणि भिंतीवर, डोळ्यांसमोर, खिळे मारलेली ती चार भोकं असताना मला मोजावंसं वाटलं नाही. कोगुरे तोंड उघडणार, आता महिनोन्महिने माझी सालटी काढणार, हे मला दिसत होतं. पण त्यानं व्हर्नियर पुसून खिशात ठेवला. ते जास्त लागलं.

मी आत जाऊन गोल कानस घेऊन आलो.

"भोकामागे दोन मिलिमीटरचा तर प्रश्न आहे," मी म्हटलं. "भोकं जरा लांबट करतो."

"सुनागा, कानस ठेव," कोगुरे म्हणाला. "नट बसायचीच जागा जाईल. उतारावर चाक सुटलं की?"

हे मला ठाऊक नव्हतं थोडंच. पण सोनोए उभी होती. तिची खोली, तिचा माग, तिची तीन आठवड्यांची बोटं. मी कानस पहिल्या भोकाला लावली. तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं.

"माझ्या चाकाला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

तिनं चाक माझ्या हातून काढून घेतलं, पाटावर फ्लॅनेल अंथरून त्यावर अलगद आडवं ठेवलं आणि कोगुरेकडे वळली.

"कोगुरे-सान, एकशे दहावाली गाडी कुठली?"

कोगुरेनं डोकं खाजवलं. एकेकाळी बऱ्याच होत्या, म्हणाला, आता शोधाव्या लागतात. ओमामाला एका धोब्याच्या दुकानामागे एक उभी आहे, पिवळी, चार दारांची, तिची काच फुटलेली नाही. म्हातारा देईलही, पण गाडी चालत नाही.

"चालत नसली तर आपण चालवू," सोनोए म्हणाली. "आज दुकान उघडं असतं का?"

"अगं, पण खोली?" मी विचारलं. "तुझा माग?"

"गाडीचं सामान मग कुठे ठेवू?" ती म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते, वाऱ्यानं म्हणा की कशानं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण तिचा तो चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला. पहिल्यांदाच म्हणजे तिच्या तोंडावर. माझ्या तोंडावर म्हणाल तर, योकोओ आजींच्या गोदामासमोर ट्रकच्या आरशात पाहिलं असतं तर तोच दिसला असता.

कोगुरे मोठ्यानं हसला. अजून तीन चाकं शोधावी लागतील, सोनोए-सान, त्यात अकरा वर्षं जातात, असं त्यानं बजावलं, आणि मग ही सगळी घासणार कोण, ते विचारलं.

"मी घासणार," सोनोए म्हणाली आणि त्याच्यापुढे हात केला. "तो व्हर्नियर द्या इकडे. मोजणारही मीच."

त्यानं दिला. मी घाईघाईनं स्टेपनी परत चढवायला बसलो, कारण ती गाडीत जाऊन बसली होती आणि हॉर्न वाजवत होती.