ओ देणारं पाखरू

चिकट्याने पिंजरा झुडपात टांगला, वर ओलं फडकं टाकलं आणि मागे सरकून चिखलातच बसकण मारली. धुकं इतकं दाटलं होतं की पलीकडचं झाड दिसेना. फडक्याआडून पाखराने शीळ घातली. चिमणीपेक्षा लहान जीव, पण आवाज पार खालच्या दरीत जायचा. पूर्वी एका शिळेला चहूबाजूंनी भांडखोर नर धावून यायचे. आता सगळा उतार मुका. मुका कुणी केला, हे त्याला दुसऱ्याने सांगायला कशाला हवं! पिंजऱ्यातल्या नराला बोलतं करायचं, शेजारच्या काटकीला झाडाचा चीक फासायचा, भांडायला आलेलं चिकटलं की तेलाच्या बोटांनी अलगद सोडवायचं आणि विकायचं, यातच त्याचा जन्म गेला होता. तो चीक तेलाशिवाय सुटत नाही. चिकट्या हे नावही बायकोनेच ठेवलेलं. गावाने ते तिच्याकडून उचललं.

तीच आता खाटेला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. सकाळी निघताना तिने बजावलं होतं,

"पकडायचं नाही हं. नुसतं ऐकून यायचं."

"पकडायला उरलंय काय तिथं?"

"आपलं हे बिचारं वर्षभर एकटंच ओरडतंय. एकदा त्याला कुणी ओ दिली, एवढं मला येऊन सांगा. मग मी मोकळी."

"घ्या! म्हणजे ओ येऊ नये म्हणून मीच देव पाण्यात घालून बसायचं."

ती हसली आणि खोकत राहिली. ढास थांबल्यावर तो म्हणाला, "तुझ्या गळ्याशपथ, हात लावणार नाही."

दुपार कलली. पिंजऱ्यातल्याने पुन्हा शीळ घातली, आणि वरच्या रानातून ओ आली.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पुन्हा आली, आणखी जवळून. "आहे गं, आहे!" तो पुटपुटला. डोळे भरून आले त्याचे. पानं हलली. एक तपकिरी पाखरू शेपटी उभारून खाली उतरलं, पिंजऱ्याशेजारच्या काटकीवर बसलं, आणि पंख फडफडवू लागलं. उडेना.

चिकट्याने आपल्या हातांकडे पाहिलं. बोटं चिकाने माखली होती. पिंजरा टांगता टांगता काटकी कधी फासली, त्याला काही केल्या आठवेना.

तो धडपडत धावला. तेलाची बाटली पिशवीत नेहमीचीच होती. हे काम तो डोळे मिटून करायचा, पण आज एक पीस सोडवलं की दुसरं चिकटत होतं. शेवटचं पीस सुटलं तेव्हा मुठीतली धडधड थांबलेली होती. फडक्याआडचं मात्र हाका मारतच राहिलं.

संध्याकाळी तो खाटेशी येऊन बसला.

"आली ओ?"

"आली," तो म्हणाला. "दोनदा आली. चांगली खणखणीत."

तिचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी. तिने त्याचा हात ओढून गालाशी धरला. मग तो हात हळूच चादरीवर ठेवला आणि भिंतीकडे वळली.

"तेलाचा वास येतोय हाताला," ती म्हणाली.