ताकदीचं इंजेक्शन

नवऱ्याला नवा शर्ट खांद्यात दाटला, तेव्हा मोठीला हसू आवरेना. लग्नाला आठ वर्षं झाली होती. या माणसाला शर्ट दाटायचा तो पोटात. खांद्यात दाटलेला ती पहिल्यांदाच बघत होती.

"आरशासमोरून हल आता," ती म्हणाली. "नजर लागेल स्वतःचीच."

"लागू दे," तो म्हणाला आणि आणखी जरा ताठ उभा राहिला.

घरात थोरली म्हणून तिला सगळे मोठी म्हणत. तिच्या पाठचा भाऊ काडी. लहानपणी तो होताच आगपेटीतल्या काडीसारखा, डोकं तेवढं मोठं आणि खाली नुसती दांडी. पुढे त्याने व्यायामाचं असं मनावर घेतलं, की जिममध्ये शिकायला गेलेला पोरगा तिथेच ट्रेनर झाला. दंड मांडीएवढे झाले, मान दिसेनाशी झाली, तरी घरचं नाव काडीच राहिलं.

मोठी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढायची. नवरा दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून द्यायचा. दिवसभर स्टुलावर वाकून बसायचं, हाताशी बिस्किटांचा पुडा, मधूनच गॅलरीत जाऊन एक सिगारेट. मूल होत नाही म्हणून सगळ्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "आयव्हीएफ करू. पण आज नको. ह्यांचे शुक्राणू कमी आहेत, आळशीही आहेत. नवीन तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तेवढा वेळ मला द्या. सिगारेट बंद, वजन खाली, झोप वेळेवर, लॅपटॉप मांडीवर नको. तुम्ही फॉलिक ॲसिड आणि मी लिहून देते ते व्हिटॅमिन डी घ्या. आणि जाहिराती बघून मनाने काही घेऊ नका. घ्यावंसं वाटलंच, तर आधी मला दाखवा."

"सिगारेट म्हणजे अगदी पूर्ण बंद?" नवऱ्याने विचारलं.

"अर्धी बंद कशी करतात, मला दाखवा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मोठीने घर धारेवर धरलं. साखर गेली, तळण गेलं, संध्याकाळची कॉफी गेली. नवरा चार दिवस घरभर अस्वलासारखा फिरला. मग एका रविवारी काडी आला, त्याने भावोजींच्या पोटावर टिचकी मारून बघितली आणि म्हणाला, "ताई, हे माझ्यावर सोड. तीन महिन्यांत असा माणूस करून देतो, तू ओळखणार नाहीस."

त्याने शब्द पाळला. पहाटे उठवून पळायला नेलं, वजनं उचलायला लावली, शिव्या घातल्या, पाठीवर थापा मारल्या. आणि दर रविवारी एक इंजेक्शन. "ताकदीचं आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे सगळे घेतात."

"डॉक्टरबाईंना विचारायचं का रे?" मोठीने एकदा विचारलं होतं.

"ताई, डॉक्टरबाई औषधाबद्दल बोलत होत्या. हे औषध आहे का? हे खाण्यासारखंच झालं." आणि मग हसत म्हणाला, "माझ्या लग्नाच्या आत तुझं बाळ यायला हवं बघ. नंतर मला वेळ नसेल. मला स्वतःला चार पाहिजेत." काडीचं लग्न ठरलं होतं, पोहायला शिकवणाऱ्या एका मुलीशी. चार म्हटल्यावर तिने त्याला उशी फेकून मारली होती.

भावावर अविश्वास कोण दाखवतं? आणि फरक तर डोळ्यांसमोर होता. नवऱ्याचं पोट आत गेलं, तो जिने दोन-दोन पायऱ्या टाकत चढू लागला, घरात गुणगुणू लागला. पाठीवर मुरमं आली आणि कधीमधी तो उगाच तडकायचा, पण सिगारेट सुटली की असं होतंच, असं म्हणून मोठीने ते सोडून दिलं. रविवारी काडी सुई टोचायचा आणि कापूस चोळायचं काम मोठीचं. पुढेपुढे तर काडी विसरला, तर तीच फोनवर त्याला आठवण करून द्यायची.

तीन महिने संपले आणि दोघं नटून दवाखान्यात गेली. मोठीची आयव्हीएफची इंजेक्शनं त्या आठवड्यात सुरू व्हायची होती. त्याआधी नवऱ्याची एकदा तपासणी, एवढंच. नवरा तर परीक्षेचा पेपर सोपा गेलेल्या मुलासारखा बसला होता.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला. मग पुन्हा वाचला.

"यात एकही नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे आणखी कमी झाले?" मोठीने विचारलं.

"कमी नाहीत. शून्य आहेत."

मोठीला आधी रागच आला. नमुन्याची डबी बदलली असणार. तिच्या दुकानातही एकदा दोन गिऱ्हाइकांचे चष्मे बदलले होते, माणसं आहेत, चुकतात. तिने तसं बोलूनही दाखवलं. डॉक्टरबाई वाद न घालता म्हणाल्या, "पुन्हा देऊ. सोबत रक्तही तपासू."

दुसरा रिपोर्ट आला. शून्य.

दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून नवरा समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. मोठीला त्याच्या शर्टाचे ताणलेले खांदे दिसत होते आणि काही केल्या दोन गोष्टींचा मेळ बसत नव्हता. इतका धडधाकट तो जन्मात दिसला नव्हता.

डॉक्टरबाई रक्ताच्या रिपोर्टवरून नजर न काढता म्हणाल्या, "तुम्ही बाहेरून काही घेताय का? गोळी, पावडर, इंजेक्शन?"

"इंजेक्शन घेतो ना," नवरा म्हणाला. "ताकदीचं. दर रविवारी. मेहुणा देतो." इतक्या निरागसपणे म्हणाला, की डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"ते टेस्टोस्टेरॉन आहे," त्या म्हणाल्या. "पुरुषांचं हार्मोन. असं बघा, रोज कोणी तुमच्या दारात तयार कवळ्यांचा ढीग आणून टाकला, तर तुम्ही नव्या बनवाल?"

"कशाला बनवीन?"

"शरीरानेही तेच केलं. बाहेरून एवढं मिळतंय म्हटल्यावर आतलं काम बंद पाडलं. हार्मोनचं बंद, त्याच्यासोबत शुक्राणूंचंही."

मोठीच्या कानांत घूं असा आवाज व्हायला लागला. समोर डॉक्टरबाईंचे ओठ हलत होते. थांबवावं लागेल, तुम्ही थोडेच दिवस घेतलंय, बहुतेक परत येतील, सहा महिने धरा, कदाचित जास्त. तिला फक्त स्वतःची बोटं दिसत होती, कापूस धरलेली.

"मी फोन करायचे," ती म्हणाली. "तो विसरला तर मीच आठवण करून द्यायचे."

संध्याकाळी काडी आला. जिममधून तसाच आला होता, खांद्यावर बॅग. मोठीने त्याला पाणीही विचारलं नाही. जे झालं ते उभ्या उभ्या सांगितलं.

"काहीतरीच काय!" काडी म्हणाला. "ताई, अगं पुरुषाचंच हार्मोन आहे ते. ते दिल्यावर वाढेल की कमी होईल? साधा विचार कर ना."

"शून्य आलंय, काडी. दोनदा."

"लॅबवाल्यांना काय जातंय लिहायला! भावोजी, तुम्ही सांगा. तब्येत सुधारली की नाही? अंगात दम आला की नाही?"

नवऱ्याने मान खाली घातली. काडीला ते लागलं. त्याने बॅग खाली टाकली, बाही वर सारली आणि हात दुमडून दंड तिच्या नाकासमोर धरला. "हे बघ. हे वाईट असतं तर मी घेतलं असतं का? मला काय झालंय? बघ की!"

मोठीने त्या दंडाकडे बघितलं.

"तू कधीपासून घेतोयस?"

"असतील सहा वर्षं. सात."

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं, तिने नवऱ्याकडे. दोघांच्या मनात एकच आलं होतं आणि ते तोंडातून काढायची हिंमत दोघांतही नव्हती. काडीचा हात अजून तसाच दुमडलेला होता. दोघांचे चेहरे वाचता वाचता त्याने तो हळूहळू खाली घेतला.

"काय झालं?" त्याने विचारलं. "असं का बघताय?"

तपासणीला तो तावातावानेच गेला. डॉक्टरबाईंना तोंडावर पाडायचं, म्हणून. रिपोर्ट घ्यायला मोठी सोबत गेली. होणारी बायकोही आली, तलावावरून थेट, केस ओलेच. डॉक्टरबाईंनी विचारलं, "सगळ्यांसमोर सांगू?" काडी म्हणाला, "सांगा की. लपवायचंय काय त्यात?"

त्यांनी सांगितलं. शून्य.

काडी हसला. खरंच हसला, कोणीतरी गंमत केल्यासारखा. मग त्याने विचारलं, "भावोजींसारखंच ना? सहा महिन्यांत येतील ना परत?"

"त्यांनी तीन महिने घेतलं. तुमची सात वर्षं झाली." डॉक्टरबाईंचा आवाज मऊ झाला. "काहींचे वर्षभरात येतात, काहींना दोन वर्षं लागतात, आणि काहींचे येत नाहीत. आज मी शब्द देऊ शकत नाही. आणि हे आता एकदम मनाने बंदही करू नका. हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवते, ते सांगतील तसं करा."

काडीला बाहेर आणावं लागलं. एवढं धूड, आणि दोघी बायकांनी दोन्हीकडून धरून त्याला बाकावर बसवलं. तो एकच वाक्य घोकत होता, "मी शिकवलंय कितीजणांना. मी स्वतः टोचलंय." मग होणाऱ्या बायकोकडे वळून म्हणाला, "तू मोकळी आहेस. मी काही म्हणणार नाही."

ती बराच वेळ केसांतलं पाणी पिळत राहिली. पिळण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी पिळत होती.

"मला आत्ता काही सुचत नाहीये," ती शेवटी म्हणाली. "लग्नाची तारीख पुढे ढकलू. आधी तू बरा हो. मग तू विचार, मग मी सांगेन."

मोठीला त्या पोरीला मिठी मारावीशी वाटली आणि ओरडावंसंही वाटलं. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. ती रिक्षा बघायला गेली.

पुढचे महिने वाईट गेले. औषध सुटलं तसा काडी फुग्यातली हवा गेल्यासारखा उतरला. झोप नाही, भूक नाही, मोठीच्या घरी सोफ्यावर दिवस दिवस पडून राहायचा. जिम त्याने सोडलं; सोडण्याआधी ज्यांना ज्यांना टोचलं होतं त्या प्रत्येकाला गाठून सांगून आला. काहींनी ऐकलं, काही त्याला हसले. भावोजींसमोर तो यायचा नाही. शेवटी नवराच एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "मला सकाळी एकट्याने पळायला कंटाळा येतो. चल." दोघं गेले. पळाले नाहीत, चालून आले.

नवऱ्याचा रिपोर्ट सातव्या महिन्यात हलला. आधी थोडे, मग पुरेसे, आणि डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "पहिल्यापेक्षा बरे आहेत. सिगारेट सोडल्याचं फळ." मोठीची इंजेक्शनं सुरू झाली. प्रत्येक बाटलीवरचं लेबल ती आधी डोळ्यांजवळ धरून वाचायची, मग नर्सला वाचायला लावायची, आणि तरी सुई आत जाताना तिचे डोळे घट्ट मिटलेले असायचे. पहिली खेप वाया गेली. दुसरी लागली, तिला दिवस गेले.

ही बातमी काडीला कशी सांगायची, हेच तिला कळेना. त्याचाही नवा रिपोर्ट त्याच आठवड्यात यायचा होता. ती फोन हातात घ्यायची, खाली ठेवायची. शेवटी त्याचाच फोन आला.

"भावोजींनी सांगितलं मला," तो म्हणाला. "तू का नाही सांगितलंस?"

"तुझा रिपोर्ट..."

"आला. अजून शून्यच." तो थांबला. पलीकडून पाण्याचा आवाज येत होता, मुलांचा कालवा. तो तलावावर होता, त्या पोरीला भेटायला जायचा हल्ली. "ताई, मला आनंद झालाय गं. खरंच झालाय. फक्त तो बाहेर कसा काढायचा, ते जमत नाहीये."

फोन कानाशी धरून मोठी तशीच उभी राहिली आणि पलीकडे तोही.