घर मोडायचे दिवस

डिसेंबर निम्मा सरला की अरीमा गावात घरोघरी घर मोडायला काढतात. नवराबायको वेगळे होतात असं नव्हे. ते बाकीचे अकरा महिने करता येतं. घर मोडायचं म्हणजे पडदे उतरवायचे, खुर्च्या अंगणात काढायच्या, भिंतीला पाठ लावून बसलेली कपाटं ओढायची, नको ते टाकायचं. मग नाताळच्या आदल्या दिवशी सगळं असं लावायचं की सकाळी आलेल्या पाहुण्याने उंबऱ्यातच थबकून विचारावं, "अगं बाई, नवीन घर घेतलंत की काय?" पैसा असो नसो, सोफा निदान या भिंतीचा त्या भिंतीला गेलाच पाहिजे. ज्या घरात सोफा हलत नाही, त्या घराबद्दल लोक हळू आवाजात बोलतात.

इस्मेच्या घरचा सोफा दोन वर्षं हलला नव्हता.

तिचा नवरा कथबर्ट हाडाचा सुतार. साखरेच्या दुखण्याने त्याचा आधी एक डोळा नेला, मग दुसरा. पण गडी खमक्या. त्याने सगळं घर पावलांनी पाठ केलं. खुर्चीपासून फ्रिज अकरा पावलं, फ्रिजपासून न्हाणीघर सात, तिथून बिछाना चौदा. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एकदा इस्मे जळमटं काढायला स्टुलावर चढली आणि स्टूल तिथेच विसरली. कथबर्ट त्यावर आपटला आणि मनगट मोडलं. "या वयात खुबा मोडला असता तर माणूस उठला नसता," असं नर्सने तिला बजावलं. त्या दिवशी इस्मेने कानाला खडा लावला. घरातली काडीसुद्धा हलवायची नाही.

आणि हलवायचं नाही म्हटल्यावर टाकायचं तरी कसं? बंद पडलेला पंखा राहिला. तीन इस्त्र्या राहिल्या, त्यातली एकच तापायची. आइस्क्रीमचे रिकामे डबे आणि त्यांतल्या एकालाही न बसणारी झाकणं राहिली. भिंतीलगत जे होतं ते तिथलं मालक झालं, नवीन आलेलं त्याच्यापुढे ठाण मांडून बसलं. कथबर्टच्या वाटा अरुंद होत गेल्या. हळूहळू त्याने चालणंच सोडलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत तो बसून राहायला लागला. पाणी, जेवण, रेडिओ, सगळं इस्मे त्याच्या हातात आणून द्यायची. पडत तर नाही ना, एवढंच ती मनाशी म्हणायची.

एकवीस तारखेला शेजारची टँटी मर्टल कुंपणावर उशा झोडपत होती. साऱ्या गल्लीची टँटी, म्हणजे मावशी, ती, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"काय गं इस्मे, यंदाही घर मोडत नाहीस?"

"आम्ही आता देवाच्या मार्गाला लागलोय, टँटी. नाताळ मनात असला की झालं."

"मनातला नाताळ छान आहे गं. पण एकदा सोफ्याखाली काय आहे ते बघ."

इस्मे तणतणत आत आली. कथबर्टने सगळं ऐकलं होतं.

"देवाच्या नावावर कशाला खपवतेस? माझं नाव घ्यायचंस."

"तुझ्या नावाने खडे फोडू का मी?"

"इस्मे, दोन वर्षं नाताळ शेजारी येतो आणि तिथूनच परत जातो. मला वास येतो ना व्हार्निशचा. मर्टलकडून येतो, तिच्या पलीकडून येतो. आपल्या घरातून येत नाही. जन्मभर लोकांच्या खुर्च्यांना व्हार्निश लावलं मी, आणि मीच आता खुर्ची होऊन बसलोय."

"आणि पडलास म्हणजे?"

"पडलो तो तू हलवलेल्या स्टुलावर. मी हलवलेल्यावर नाही पडलो."

इस्मेला ते लागलं.

"अगं, जे मी माझ्या हाताने ठेवीन ते मला दिसेल," तो मऊ आवाजात म्हणाला. "तू फक्त ढकलायला ये."

रात्रभर तिच्या डोळ्यांपुढे तो पडत राहिला. पण सकाळी ती उठली आणि तिनेच पहिला पडदा उतरवला.

कथबर्टने आधी पसाऱ्याचा निकाल लावला. एकेक वस्तू हातात घ्यायचा.

"हे काय?"

"इस्त्री."

"तापते?"

"...तापायची."

"बाहेर."

पंखा गेला, डबे गेले, झाकणं गेली. मधल्या काचेच्या टेबलाशी मात्र इस्मे आडवी आली. टेबल तिचं लाडकं.

"ह्याचा कोपरा माझ्या नडगीवर दात धरून आहे," कथबर्ट म्हणाला. शेवटी तहात टेबल व्हरांड्यात गेलं, फर्नच्या कुंडीखाली. तिथे ते आणखीच झोकात दिसलं, पण इस्मे तसं बोलली नाही.

नव्या पडद्यांना पैसे नव्हते. सगळे औषधांत जात. तिने झोपायच्या खोलीतले पडदे धुऊन, न विटलेली बाजू वर करून बैठकीला लावले. सोफा सरकला तर त्याच्याखालचं लिनोलियम लालभडक निघालं.

"झाकू नकोस. नवीन टाकलंय म्हणतील," कथबर्ट म्हणाला.

काचेचं कपाट दोघांनी मिळून हलवलं. ती ढकलत होती, तो दिशा देत होता. मग तो नव्या वाटांवर येरझाऱ्या घालत राहिला, गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला गेल्यासारखा. इस्मे दोनदा "जपून!" म्हणून ओरडली. तिसऱ्यांदा त्याने तिला हॅम बघायला स्वयंपाकघरात पिटाळलं. चोवीस तारखेला तो अंगणात खुर्च्या घेऊन बसला, अंगठ्याने चाचपत एकेक दांडा व्हार्निश करत. आपली खोली एवढी मोठी होती हे इस्मेला ठाऊकच नव्हतं. मोकळ्या जमिनीवर उभी राहून तिने तो वास छाती भरून घेतला, आणि तिला फार बरं वाटलं.

नाताळच्या सकाळी, चर्चहून परतताना टँटी मर्टल पहिली आली. उंबऱ्यातच थबकली.

"अगं बाई! नवीन घर घेतलंत की काय? आणि हे लिनोलियम कुठलं?"

"खास मागवलंय," कथबर्ट म्हणाला आणि उठला. खुर्चीपासून कपाट, आठ पावलं. त्याने ग्लास काढले, सॉरेलचं लाल सरबत बोट बुडवून काठापर्यंत ओतलं, वळला, आठ पावलं परत आला आणि टँटीच्या हातात ग्लास दिला. एक थेंब सांडला नाही.

टँटीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो बघत बघतच इस्मे नाताळचा काळा केक आणायला धावली, आपल्या नेहमीच्या वाटेने, आणि धाडकन सोफ्यावर आदळली. तिनेच तो तिथे ढकलला होता. पायाचं बोट धरून ती लाल लिनोलियमवर बसली.

"कोण पडलं गं, टँटी?" कथबर्टने विचारलं.

"तुझी बायको."

"दिसत नाही का तिला?"

टँटीला हसू आवरेना. इस्मेला रडू की हसू ते कळेना. कथबर्ट सहा पावलं चालत आला, वाकला आणि हात पुढे केला.

"चल, तुला नवीन वाट दाखवतो. माझ्या मागे ये, आणि जपून."

इस्मेने त्याचा हात धरला आणि मुकाट्याने त्याच्या मागे स्वयंपाकघरात गेली.